वाटपाचा एक दिवस आणि वापराचे दोनशे दिवस

२२ जानेवारी २०१६ रोजी वाराणसीत डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्सच्या मैदानावर एक मोठा शासकीय सोहळा झाला. पंतप्रधानांच्या उपस्थितीत हजारो दिव्यांग व्यक्तींना तीनचाकी सायकली, श्रवणयंत्रे आणि अन्य साहाय्यक साधने देण्यात आली. त्याआधी महिनाही झाला नव्हता, तेव्हा २७ डिसेंबर २०१५ च्या ‘मन की बात’मधून ‘विकलांग’ या शब्दाऐवजी ‘दिव्यांग’ हा शब्द देशापुढे ठेवला गेला होता. नवा शब्द आणि नवी साधने यांची अशी सांगड काशीत घातली गेली.

त्याच शहरात, त्या मैदानापासून काही किलोमीटरवर, दुर्गाकुंड परिसरात श्री हनुमान प्रसाद पोद्दार अंध विद्यालय आहे. जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, या विद्यालयाचे नववी ते बारावीचे वर्ग बंद करण्याचा निर्णय संचालक न्यासाने घेतला. पैशांची अडचण हे कारण सांगण्यात आले. विद्यार्थ्यांनी ते मान्य केले नाही. २०२१ मध्ये हे दृष्टिहीन विद्यार्थी वर्ग पुन्हा सुरू करण्याच्या मागणीसाठी रस्त्यावर बसले. न्यास बरोबर की विद्यार्थी, हा वाद येथे सोडवायचा नाही. प्रश्न त्याहून मोठा आहे. ज्या मतदारसंघातून देशाचे पंतप्रधान निवडून येतात, जेथे साधनवाटपाचा सोहळा होतो, त्या शहरात दृष्टिहीन मुलांचे नववीचे शिक्षण एका खाजगी न्यासाच्या जमाखर्चावर अवलंबून राहतेच कसे?

या प्रश्नाचे उत्तर कुणा एकाच्या दुष्टपणात शोधून मिळणार नाही. ते निधीच्या रचनेत आहे. भारतातील साहाय्यक तंत्रज्ञानाचा सरकारी पैसा वाटपाचा दिवस मोजतो, वापराचे दिवस मोजत नाही. या एका दोषातून बाकीचे बहुतेक दोष निघतात.

कायदा काय सांगतो

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारची अपंगत्वे मान्य केली आहेत. कलम १७ मध्ये शासन आणि स्थानिक प्राधिकरणे यांच्यावर स्पष्ट जबाबदारी टाकली आहे : किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्याला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके, इतर शिक्षणसाहित्य आणि योग्य साहाय्यक साधने विनामूल्य मिळाली पाहिजेत. कलम ३१ सहा ते अठरा या वयातील अशा मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देते. अठरा वर्षे म्हणजे बारावीपर्यंतचा काळ. वाराणसीतील वर्ग बंद झाले तेव्हा हा कायदा तीन वर्षांचा झाला होता.

कायद्यातील ‘योग्य’ हा शब्द विशेष महत्त्वाचा आहे. साधन योग्य आहे की नाही हे मुलाची तपासणी, त्याचे वय, त्याची इयत्ता आणि वर्गाची स्थिती यांवर ठरते. मंडपात मांडलेल्या साहित्याच्या राशीवरून ते ठरत नाही.

श्रवणयंत्राचे भौतिकशास्त्र

विज्ञानाच्या वाचकाला हा मुद्दा श्रवणयंत्राच्या उदाहरणावरून लगेच पटेल. मोकळ्या जागेत ध्वनीच्या स्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. शिक्षक एक मीटरवर असताना जो आवाज येतो, तो चार मीटरवर १२ डेसिबलने क्षीण होतो. वर्गातील भिंतींवरून परावर्तन होते, त्यामुळे पातळी इतकी खाली येत नाही. पण परावर्तित ध्वनी एकमेकांत मिसळून शब्द अस्पष्ट करतो. श्रवणयंत्राचा मायक्रोफोन मुलाच्या कानाशी असतो. तो शिक्षकाचा आवाज वाढवतो आणि पंख्याची घरघर, बाके सरकण्याचा आवाज, खिडकीबाहेरचे भोंगेही वाढवतो. मुलाला आवाज येतो, पण अर्थ लागत नाही.

यावरचा उपाय विज्ञानाने केव्हाच दिला आहे. शिक्षकाच्या गळ्यात छोटा मायक्रोफोन अडकवायचा आणि त्याचा आवाज बिनतारी मार्गाने थेट मुलाच्या यंत्रात पोहोचवायचा. अंतराचा प्रश्नच मिटतो. परंतु शिबिरात मिळणाऱ्या साधनसंचात हा मायक्रोफोन सहसा नसतो, कारण शिबिर व्यक्तीला साधन देते. वर्गखोलीकडे ते पाहत नाही.

आता रोजच्या वापराकडे पाहू. अनेक श्रवणयंत्रांत झिंक-एअर प्रकारचा सेल असतो. त्यावरची चिकटपट्टी काढताच हवा आत शिरते आणि रासायनिक क्रिया सुरू होते. ती मग थांबवता येत नाही. आकार आणि वापर यांनुसार सेल साधारण एक ते तीन आठवडे टिकतो. दोन आठवड्यांचा हिशेब धरला तरी दोन कानांसाठी वर्षाला ५२ सेल लागतात. शिवाय यंत्राचा आवाज कानात नेणारा साचा, ज्याला इअर मोल्ड म्हणतात, तो कानाच्या मापाचा हवा. मूल वाढते तसा त्याचा कानही वाढतो. साचा सैल झाला की आवाज बाहेर निसटतो, पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि यंत्र शिट्टी मारू लागते. वर्गातली मुले वळून पाहतात. मूल यंत्र काढून दप्तरात ठेवते.

शासकीय नोंदीत मात्र ते मूल ‘लाभार्थी’च असते.

तीन वर्षांची वाट

केंद्राची ‘एडिप’ ही साधनसाहाय्याची योजना १९८१ पासून चालू आहे. साधने बनवणारी एलिम्को ही सरकारी कंपनी कानपूरला आहे. तिची स्थापना १९७२ ची. या व्यवस्थेने लाखो लोकांना साधने दिली आहेत आणि त्याचे श्रेय नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २९ फेब्रुवारी २०२० रोजी प्रयागराजच्या शिबिरात २६,००० हून अधिक व्यक्तींना १९ कोटी रुपयांहून अधिक किमतीची साधने देण्यात आली. एका दिवसात एवढे वितरण करण्याची क्षमता ही लहान गोष्ट नव्हे.

पण त्याच योजनेचा एक नियम पाहावा. ज्याला एकदा साहाय्य मिळाले, त्याला त्याच कारणासाठी पुन्हा मिळण्याकरिता तीन वर्षे थांबावे लागते. बारा वर्षांखालील मुलांसाठी ही अट एक वर्षाची आहे. प्रौढाच्या तीनचाकी सायकलीसाठी हा नियम एक वेळ समजू शकतो. तेरा वर्षांच्या मुलाचे श्रवणयंत्र पावसात भिजून निकामी झाले तर? आठवी, नववी, दहावी. तीन वर्षे म्हणजे शालान्त परीक्षेपर्यंतचे सारे आयुष्य. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो हाच.

याच योजनेच्या २०१४ च्या नियमांत साधनाच्या किमतीची सर्वसाधारण मर्यादा १०,००० रुपये होती आणि नववीपुढील विद्यार्थ्यांसाठी ती १२,००० रुपये केली गेली. वरच्या इयत्तांत गरज वाढते हे शासनाने स्वतःच्याच कागदावर मान्य केले होते. आणि काशीत बंद पडले ते नेमके त्याच इयत्तांचे वर्ग.

साडेसतरा रुपये

शाळांच्या बाजूने येणारा पैसा ‘समग्र शिक्षा’ योजनेतून येतो. विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपये हा तिचा दर आहे. तो २०१८ साली ठरला. २०२१ मध्ये योजना २०२६ पर्यंत वाढवली, तेव्हाही तो तसाच राहिला. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेचे किमान २०० दिवस धरले, तर हा दर दिवसाला साडेसतरा रुपये पडतो. त्यात साधने, शिक्षणसाहित्य, तपासणी, उपचारात्मक सेवा असे सगळे बसवायचे आहे.

ही सरासरी आहे आणि हा निधी एकत्र करून वापरता येतो, असा बचाव केला जातो. तो अंशतः खरा आहे. एका मुलाला केवळ मोठ्या अक्षरातले पुस्तक लागते, दुसऱ्याला ब्रेल टंकयंत्र लागते, तिसऱ्याला विशेष आसन. सरासरीतून गरजेप्रमाणे वाटप व्हावे, ही कल्पना चांगली आहे. परंतु दर ठरवताना गरजांची बेरीज केलेली नसेल, तर वाटप कितीही न्याय्य केले तरी मूळ रक्कमच अपुरी पडते. भाजक बदलल्याने भाज्य वाढत नाही, हे चौथीतल्या मुलालाही कळते.

केंद्राच्या दिव्यांगजन सशक्तीकरण विभागाची २०२४-२५ च्या अर्थसंकल्पातील तरतूद सुमारे १,२२५ कोटी रुपये होती. एकूण अर्थसंकल्प सुमारे ४८.२ लाख कोटींचा. म्हणजे शंभर रुपयांत अडीच पैसे. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्या जुन्या संख्येने भागले तरी माणशी वर्षाला सुमारे ४५७ रुपये येतात. इतर खात्यांचा आणि राज्यांचा खर्च यात धरलेला नाही, हे खरे. तरीही ज्या विभागाचे नावच सशक्तीकरण आहे, त्याच्या हाती एवढेच बळ असावे? नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण अशाच प्रसंगासाठी घडली असावी.

दोन मंत्रालयांमधली भेग

समग्र शिक्षा योजना शिक्षण मंत्रालयाची. एडिप योजना सामाजिक न्याय मंत्रालयाची. स्वयंसेवी संस्थांच्या विशेष शाळांना केंद्राचे अनुदान देणारी दीनदयाळ पुनर्वसन योजनाही सामाजिक न्याय मंत्रालयाचीच. अंध मुलाची शाळा ही देशाच्या शिक्षणव्यवस्थेचा भाग की कल्याणकार्याचा, याचे उत्तर या विभागणीतच दिले गेले आहे. सर्वसाधारण सरकारी शाळेचा नववीचा वर्ग बंद झाला तर शिक्षणाधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते. अंध विद्यालयाचा वर्ग बंद झाला तर एका न्यासाच्या अडचणीची बातमी होते.

दोन्ही योजनांची सांगड घालून शाळकरी मुलांसाठी संयुक्त शिबिरे घेतली जातात, हे मान्य करावे लागेल. पण तीही शिबिरेच. शिबिर उठले की भेग पुन्हा तेथेच असते.

विज्ञानाने आपले काम केले आहे

तंत्रज्ञान महाग आहे, परदेशी आहे, भारताला परवडत नाही, हा युक्तिवाद आता टिकत नाही. दिल्लीच्या आयआयटीतील प्रा. एम. बालकृष्णन यांच्या गटाने विकसित केलेली ‘स्मार्टकेन’ २०१४ मध्ये सुमारे ३,००० रुपयांत उपलब्ध झाली. पांढऱ्या काठीवर बसवलेले हे यंत्र श्राव्यातीत ध्वनिलहरींनी गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीवरचे अडथळे ओळखते आणि कंपनांनी सूचना देते. साधी काठी जमिनीलगतचेच सांगू शकते. या कामाला ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टचा निधी मिळाला होता. ब्रेल शिकवणारे ‘अ‍ॅनी’ हे उपकरण बंगळूरच्या थिंकरबेल लॅब्जचे; त्याची सुरुवात गोव्यातील बिट्स पिलानीच्या विद्यार्थ्यांनी केली. संगणकाच्या पडद्यावरचे वाचून दाखवणारी ‘एनव्हीडीए’ ही प्रणाली २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन दृष्टिहीन तरुणांनी, मायकल करन आणि जेम्स टेह यांनी, सुरू केली. ती विनामूल्य आहे आणि हिंदी-मराठीही वाचते.

मग अडते कोठे? अडते पुस्तकापाशी. हिंदीतील असंख्य मजकूर ‘कृतिदेव’सारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला असतो. या फाँटमध्ये संगणकाच्या लेखी ‘क’ हे अक्षर ‘क’ नसते; रोमन अक्षराच्या संकेताला देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. डोळस माणसाला मुखवटा दिसतो, पडदा वाचणाऱ्या प्रणालीला आतला संकेत. ती निरर्थक रोमन अक्षरे उच्चारत सुटते. मराठीतही जुन्या फाँटच्या धारिकांची हीच अवस्था आहे. युनिकोडमध्ये टंकलेले आणि नीट रचलेले पुस्तक असेल तर हा प्रश्न उद्भवतच नाही. त्याला नवे यंत्र लागत नाही; छपाईच्या कंत्राटात एक अट लागते.

गणित आणि विज्ञानाची अवस्था याहून बिकट आहे. समीकरण चित्र म्हणून चिकटवलेले असेल तर प्रणाली ‘चित्र’ एवढेच सांगते. हेच समीकरण मॅथएमएल या संकेतपद्धतीत लिहिले तर अंश, छेद, घात सारे वाचता येते. दृष्टिहीन मुलांना दहावीनंतर विज्ञानशाखा जमत नाही, असे शिक्षकही सहज बोलून जातात. जमत नाही ते मुलांना, की पुस्तक छापणाऱ्यांना?

दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तके सुलभ रूपात आणण्याची वाट मोकळी करणाऱ्या माराकेश करारावर २०१४ मध्ये अनुसमर्थन देणारा भारत हा जगातील पहिला देश होता. त्याआधीच, २०१२ मध्ये, देशाच्या स्वामित्वहक्क कायद्यात तशी दुरुस्ती झाली होती. कायद्यात पहिला आलेला देश क्रमिक पुस्तकाच्या धारिकेत मागे राहतो, तेव्हा त्याला तंत्रज्ञानाची उणीव म्हणता येत नाही.

‘आता मोबाइल आहे ना’

सर्वांत नवा आक्षेप असा की, स्मार्टफोन आल्यावर वेगळ्या साधनांची गरजच उरली नाही. फोन खरोखरच मोठी क्रांती आहे आणि दृष्टिहीन तरुणांनी तो सर्वांत आधी आत्मसात केला. पण ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक कानाला सहज निसटतो. बोटांखालच्या ब्रेलमध्ये तो ठसठशीत असतो. शुद्धलेखन, विरामचिन्हे, गणिताची मांडणी यांसाठी मुलाला अक्षर स्पर्शाने भेटावे लागते. ब्रेलचे पान आपोआप बदलणारी उपकरणे महाग असतात, कारण बहुतेकांत प्रत्येक टिंब वर-खाली करणारी स्वतंत्र दाबविद्युत पट्टी असते आणि एका घरात अशी आठ टिंबे. हा खर्च एका कुटुंबाने उचलायचा नसतो. शाळेने एक उपकरण घेऊन पाच-सहा मुलांना वापरू द्यायचे असते. पण साधन व्यक्तीच्या नावाने, शिबिरात, मर्यादेच्या आत देण्याच्या पद्धतीत शाळेच्या सामायिक साधनाला जागाच उरत नाही.

आणि कोणतेही साधन शिक्षकाशिवाय मुके असते. स्मार्टकेन हाती देऊन कोणी रस्ता ओलांडायला शिकत नाही. ते चालण्याचे शिक्षण प्रशिक्षित माणूसच देतो. उत्तर प्रदेशातील विशेष शिक्षकांच्या प्रश्नावरून उभ्या राहिलेल्या रजनीश कुमार पांडेय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांची प्रमाणे ठरवण्याचे आणि कायम पदे निर्माण करण्याचे आदेश दिले. २०२२ मध्ये केंद्राने प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक असे प्रमाण जाहीर केले. तरीही मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पदे अधिसूचित करण्यास पुन्हा सांगावे लागले. यंत्राच्या वाटपाचे छायाचित्र निघते. शिक्षकाच्या नेमणुकीचे निघत नाही.

मोजपट्टी बदलावी लागेल

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मे २०२२ च्या अहवालानुसार जगात अडीच अब्जांहून अधिक लोकांना किमान एका साहाय्यक साधनाची गरज आहे आणि जवळपास एक अब्ज लोक त्यापासून वंचित आहेत. तेव्हा प्रश्न एकट्या काशीचा किंवा एकट्या भारताचा नाही. पण उत्तराची सुरुवात येथे करता येते आणि तिला प्रचंड खर्चाआधी एक वेगळी मोजपट्टी लागते.

‘किती साधने वाटली’ हा आकडा जाहीर करणे थांबवून ‘वाटलेल्यांपैकी किती साधने आज वर्गात चालू आहेत’ हा आकडा दरवर्षी शाळावार जाहीर व्हावा. साधनाच्या किमतीसोबत सेल, साचे, दुरुस्ती आणि प्रशिक्षण यांची तरतूद त्याच मंजुरीत असावी. विद्यार्थ्यांसाठी तीन वर्षांची अट रद्द व्हावी. ३,५०० रुपयांचा दर गरजांच्या बेरजेवर नव्याने ठरावा. क्रमिक पुस्तकाची सुलभ धारिका शाळा उघडण्याच्या दिवशी उपलब्ध असावी. आणि एखादी संस्था अपंग मुलांचे वर्ग बंद करील, त्या दिवसापासून त्या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी शिक्षण खात्याची असावी. न्यासाशी वाटाघाटी नंतर होत राहतील.

महाराष्ट्रातील वाचकाला हे सारे दूरच्या काशीचे वाटण्याचे कारण नाही. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा येथे नियम आहे. आपल्या नगरपालिकेने वा जिल्हा परिषदेने गेल्या वर्षी ही रक्कम खर्च केली का, त्यातली शाळकरी मुलांच्या साधनांवर किती आणि दुरुस्तीवर किती, हे माहितीच्या अधिकारात कोणताही विद्यार्थी विचारू शकतो. अर्ज एका पानाचा होतो, आणि हिशेब मागितला की हिशेब ठेवण्याची सवय लागते.

काशी ही दानाची नगरी. घाटावर दान देणारा पुण्य घेऊन घरी जातो. घेणाऱ्याचे पुढे काय झाले हे विचारण्याची त्याला गरज नसते. साहाय्यक साधनांचा सरकारी निधी अजून त्याच वृत्तीने दिला जातो. दात्याचा दिवस साजरा होतो आणि मूल उरलेले दोनशे दिवस एकटे राहते. कायद्याने २०१६ मध्ये दानाची जागा हक्काला दिली. अर्थसंकल्पाने ती अजून दिलेली नाही.